स्तुतीशेजारचा समास

भूकंपानंतर किल्लारीजवळचे गाव सोडून आम्ही लातूरला आलो. पुढे शहरात शिकवणी वर्ग वाढले आणि त्यांच्या पोरांवर आमच्या घरची खाणावळही वाढली. चाळिशी ओलांडल्यावर मी बाहेरून एम.ए. इंग्रजीला नाव घातले. शेवटचा पेपर व्हिक्टोरियन कवितेचा होता, परीक्षा नांदेडला.

त्या कवितांतल्या पत्नीविषयी मला पहिल्यापासून शंका होती. ती थकत नसे, रागावत नसे. नवरा घरी येई तेव्हा दिवा आणि ती, दोन्ही तयार असत. तिची स्तुती पानेच्या पाने चाले. तिच्या तोंडी मात्र एक ओळ नसे. मी प्रत्येक स्तुतीशेजारी समासात पेन्सिलीने लिहू लागले: ‘आता हिच्याकडून काय हवे आहे?’ पुष्कळदा उत्तर पुढच्याच कडव्यात मिळे.

पेपरच्या आदल्या दिवशी, पोरांना वाढताना, आमचे हे पंगतीत म्हणाले, “अशी समजूतदार बायको नशिबानंच भेटती, पोराहो.”

माझा हात वरणाच्या भांड्यातच थांबला. ‘समजूतदार’ हा शब्द त्यांना क्वचितच सुचे. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना सुचला, तेव्हा माझे माहेरी जाणे राहिले. लातूरला आल्यावर सुचला, तेव्हा शाळेतली नोकरी सुटली.

स्वयंपाकघरात मी विचारले, “अहो, काय पाहिजे?”

“मला कुठं काय पाहिजे? उद्या नवी बॅच यायलीय. पेपर काय, पुढल्या साली देता येतो.”

“पुढल्या साली?”

“समजूतदार हायस म्हणून सांगायलोय. दुसऱ्या कुणाला म्हणलो असतो का?”

मी पुस्तकातल्या त्या बाईचा आधार शोधला. पण तिला ओळच नव्हती.

“सकाळच्या गाडीने मी नांदेडला चालले आहे,” मी म्हणाले.

“काय?”

त्यांना खरेच ऐकू आले नव्हते. माझा आवाज पहिल्यापासूनच बारीक. मग मला तेच वाक्य पुन्हा म्हणावे लागले. दुसऱ्यांदा ते सोपे गेले.

सकाळी ते स्वतःहून स्टँडवर सोडायला आले. गाडी हलताना खिडकीशी येऊन म्हणाले, “लई हुशार हायस तू.”

या वाक्याशेजारी काय लिहावे, हे मला वाटेतले अहमदपूर येईपर्यंत ठरवता आले नाही.