न लागलेलं दही

सण कामाच्या दिवशी आला की आम्ही तो शुक्रवारी करायचो, कारण कतारमध्ये सुट्टी शुक्रवारची. त्या वर्षी गोकुळाष्टमीचा दहीकालाही शुक्रवारीच होता. आदल्या संध्याकाळी कोमट दुधात विरजण घालून मी पातेलं पंच्यात गुंडाळून ठेवलं. सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं. ऑगस्टच्या उकाड्यात दोह्यात चार तासांत दही लागतं. हे दूध रात्रभर बसून होतं आणि त्याला आंबूस वासही नव्हता. मागच्या शुक्रवारीही असंच झालं होतं. तेव्हा मला वाटलं, विरजणच मेलं असेल. म्हणून या वेळी खालच्या मजल्यावरच्या नजमाकडून ताजं आणलं होतं. तिच्या घरी त्याच विरजणाचं दही घट्ट लागलं होतं.

दूध महिपतीचं होतं. महिपती कागलकडचा. शहराबाहेरच्या एका डेअरी फार्मवर गाई सांभाळायला आला, त्याला ब्याऐंशी साली चार वर्षं झाली होती. बायको बायडाबाई गावी. फार्मवर अडीचशे गाई आणि नऊ माणसं, पण मराठी कुणालाच येत नव्हती. गुरुवारी फार्मच्या पिकअपमधून दोह्यातल्या मुंतझा भागातल्या आमच्या घरी तो दुधाचा कॅन पाठवी आणि शुक्रवारी जेवायला येई. येऊन बसे, जेवे, पण बोलणं अगदी बेतास बात. आमचे हे म्हणत, "महिपती शब्द रेशनवर आणतो."

त्या दिवशी तो आला, तेव्हा मी पातेलंच पुढे ठेवलं.

"महिपतीभाऊ, तुमच्या दुधात काय आहे?"

"पानी न्हाई वो वैनी, देवाच्यान."

"पाणी नाही ते दिसतंय मला. पण दही का लागत नाही? आज गोपाळकृष्णाला पावडरच्या दुधाचा काला दाखवला मी."

त्यानं पातेल्यात डोकावलं. मग म्हणाला, "बांडीचं दूध हाय त्ये."

बांडी म्हणजे त्याची काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची गाय. तिथं गाईंना फक्त नंबर. नाव तिला एकटीलाच होतं, आणि ते यानं ठेवलं होतं. तिच्या कासेला दगडी झाली होती. सड सुजून घट्ट झाले होते, धारेत गाठी येत होत्या. औषधाच्या नळ्या सडात रिकाम्या करायच्या, तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ. आणि त्या काळातलं दूध, वर आणखी चार दिवसांचं, ओतून द्यायचं, असा गुरांच्या डॉक्टरांचा हुकूम होता.

"वतायचं कसं वैनी? वाळूत दूध वतायला हात धजंना. म्हनलं, आपल्या मान्साच्या घरला जाऊ दे. उकळल्यावर काय व्हतंय!"

दूध जमिनीवर सांडलं तर मीसुद्धा बोट लावून कपाळाला लावते. पण दह्याला मारणारं औषध आम्ही दोन आठवडे पीत होतो.

"मग बांडी बरी झाली का?"

"तेच तर. पैल्यांदा दोन दिसांत उतरलं. आता चार नळ्या घातल्या तरी दाद देईना. डाक्टर परवा येनार. औषध चालंना, तर कत्तलखान्याची गाडी बोलवत्यात."

विचारत गेले तसं एकेक बाहेर आलं. सूज उतरली की तो औषध थांबवत असे. नळीही अर्धीच घालत असे. उरलेली झाकण लावून पुढच्या खेपेसाठी ठेवायची. "चांगलं औषध, वाया कशाला घालवायचं?" कागदावर मात्र रोज पूर्ण नळी लिहिली जाई.

"डाक्टरला सांगितलं तर मला घरला धाडतील," तो म्हणाला. "आन् न्हाई सांगितलं तर?"

"नाही सांगितलंत तर ते तेच औषध पुन्हा देतील. तुम्हाला माहीत आहे ना, ते चालत नाही?"

त्याने मान हलवली. देवापुढचं निरांजन शांत होत आलं होतं. त्यात तूप घालून आले, तोवर तो उठून चपला घालत होता.

पुढचं त्यानंच नंतर सांगितलं. डॉक्टर नसरुद्दीन सुदानचे. दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. महिपतीने नळी हातात घेतली, मधोमध बोट धरलं आणि मोडक्या अरबीत म्हणाला, "नुस. कुल्लू नुस." अर्धी. दरवेळी अर्धी. डॉक्टर समजले. रागावले नाहीत. त्यांनी बांडीचं दूध तपासायला नेलं. आठवड्याने उत्तर आलं: अर्ध्या-अर्ध्या औषधाला जंतू सरावले होते. जवळ होती त्यातलं एकही औषध त्यांच्यावर चालणारं नव्हतं. शेजारच्या दोन गाईंनाही तेच दुखणं लागलं होतं. त्या दोघींना वेळेवर वेगळं काढलं आणि बाकीच्या वाचल्या. महिपतीची नोकरी राहिली.

बांडी राहिली नाही. गाडी आली तेव्हा ती फळीवर चढेना. दुसऱ्यांनी काठी उचलली, तेव्हा हा पुढे झाला, "चल गं माजी बाय," म्हणाला, आणि ती त्याच्या मागून चढली.

दोन शुक्रवार तो आलाच नाही. तिसऱ्या शुक्रवारी आला, कॅन स्वतःच घेऊन. "दोनशे अकरा नंबरचं हाय. निरोगी."

"नाव काय ठेवलंत?"

"न्हाई ठिवलं."

रात्री विरजलं. दही असं लागलं की सुरी उभी राहावी. देवाला दाखवलं. पुढच्या गुरुवारी पुन्हा तसंच लावलं आणि शुक्रवारी मी वाटी त्याच्यापुढे ठेवली. तो खायचं सोडून बोलायला लागला. दुपारी पंखा बंद पडला तेव्हा गाई कशा धापा टाकत होत्या, नवी पेंड त्यांना कशी आवडत नाही, बायडाबाईच्या पत्रात थोरल्या मुलाला कुठल्या शाळेत घातल्याचं आहे, सगळं एका दमात, दीड तास. आमचे हे माझ्याकडे आश्चर्याने बघायला लागले. मी त्यांना डोळ्यांनी गप्प बसवलं.

आठवडाभराचं हे बोलणं चार वर्षं तो गोठ्यात कुणाशी बोलत होता, ते मला तेव्हा कळलं. तेव्हापासून शुक्रवारी दुपारी मी दुसरं काही काम काढत नसे. दही पुढे ठेवायचं आणि बसायचं.