दाढवालं उतरा

पासलीहून वेल्ह्याला वडापची जीप नेणारे हे मामा प्रत्येक थांबा गर्जून सांगतात. वेल्ह्याच्या दवाखान्यात समुपदेशक बाई येऊ लागल्या, तर हे भरल्या जीपमध्ये ओरडले, "डोस्क्यावालं उतरा!" सारखी छातीत धडधड होणारी, झोप उडालेली एक वहिनी लाजेनं उतरलीच नाही. दवाखान्याची पत्रकं वाटणारा मी भडकलो. "मामा, मनाच्या आजाराची लाज कसली?"

"तुमचं पत्रक तसं म्हनतंय. गाव न्हाई म्हनत."

पुढच्या खेपेला आरोळी आली, "दाढवालं उतरा!"

साफ खोटं! पण वहिनी उतरली. बाईंशी बोलून बोलून महिन्याभरात ती खिडकीच्या जागेसाठी भांडूही लागली.

परवा मामांनीच गालाला रुमाल बांधला आणि दवाखान्यापाशी जीप सोडून उतरले.

"मामा, तुमचीही दाढ?"

"व्हय रं. लई दिस झालं, हितं छातीत ठणकतीया."