शिवेबाहेरची सवाष्ण

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी राहुरीच्या होस्टेलवरून भिंगारला घरी आले, तेव्हा आमच्या देव्हाऱ्याचं दार बंद होतं. कुलूप वगैरे नव्हतं, नुसतं लोटलेलं होतं, पण ते उघडायची इच्छा घरात कुणालाच उरली नव्हती. माझा धाकटा भाऊ ओमी त्याआधी पावसाळा संपता संपता तापाने गेला. बारावीला होता. डेंग्यू म्हणाले, प्लेटलेट्स म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. मी दवाखान्याच्या जिन्यात बसून आमच्या देवीला तिची येतील तेवढी नावं घेऊन हाका मारत होते. तिने एकही ऐकली नाही. त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. होस्टेलवर मैत्रिणी शुक्रवारी देवळात निघाल्या की मी मुद्दाम कपडे धुवायला बसायची.

आईने त्याहून वाईट केलं. तिने जेवण टाकलं. एकदम नाही, हळूहळू. आधी गोड बंद केलं, मग रात्रीचं जेवण, मग भाकरी. शेवटी चहा आणि वाटीभर पातळ वरण एवढंच राहिलं, तेही आम्ही समोर बसलो तर. विचारलं की म्हणायची, "घास खाली उतरत नाही गं." डॉक्टरांनी घसा तपासला, पोट तपासलं, कशात काही सापडलं नाही. समुपदेशन करणाऱ्या बाईंकडे नेलं, तिथे ती मांडीवर हात ठेवून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसली. तिचे ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले. डॉक्टर पप्पांना बाजूला घेऊन म्हणाले, असंच चाललं तर ॲडमिट करून नळीने अन्न द्यावं लागेल, आणि तेवढ्याने भागेल याची खात्री नाही. एक गेला होता आणि दुसरी डोळ्यांदेखत चालली होती. आम्ही बापलेक नुसते ताट घेऊन तिच्यापुढे उभे राहायचो.

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की नातेवाईक त्या घरच्यांना आपल्याकडे बोलावतात आणि गोडधोड करून जेवू घालतात. याला दुखवटा काढणं म्हणतात. आमच्या घरी तेव्हा कुणी कुठे जाण्याच्या मनःस्थितीत नव्हतं, म्हणून सगळ्यांची बोलावणी तशीच पडून होती. मे महिन्यात पप्पांनी ऑफिसातून रजा काढली आणि म्हणाले, आता सगळीकडे जाऊन येऊ, कुठेतरी ती दोन घास खाईल. गाडी मी चालवायची असं ठरलं. ओमीला दवाखान्यात नेलं होतं ते त्याच गाडीतून, पप्पांनीच चालवत. त्यानंतर त्यांनी स्टिअरिंगला हात लावला नव्हता. मी हिवाळ्यात गाडी शिकून घेतली होती. माझ्या वर्गातल्या पोरी गोव्याला निघाल्या होत्या आणि मी दुखवटे गोळा करत जिल्हाभर हिंडणार होते.

आधी शेवगावकडे आत्याकडे गेलो. तिकडे उन्हाने रस्ता थरथरताना दिसत होता. आत्याने शिरा केला होता. ती आईच्या तोंडाशी घास नेऊन म्हणाली, "वहिनी, एवढा घ्या बरं. माझी आन हाय तुमाला." आईने तोंड उघडलं, घास घेतला. आत्याने पदराने डोळे पुसले आणि पप्पांच्या चेहऱ्यावर जरा उजेड आला. थोड्या वेळाने मी हात धुवायला मोरीत गेले तर आई तिथे वाकून तोच घास थुंकत होती. मला बघून तिने तोंडावर बोट ठेवलं. मी बाहेर येऊन म्हणाले की ती तोंड धुतेय. मला खोटं बोलायचं नव्हतं, पण पप्पांचा तो उजेड विझवायची हिंमत माझ्यात नव्हती.

मग मुळा धरणाजवळ मामाकडे. तिथे तर निघताना मामी ओटी भरायला सूप घेऊन आली आणि आईने पदर घट्ट आवळून घेतला. "नको वहिनी. माझी ओटी आता रिकामीच बरी." मामी सूप हातात धरून तशीच उभी राहिली. मग गाडी निघाली. मागच्या सीटवर आई तोंड उघडं टाकून झोपली होती, आणि मला आरशात मागे बघायची भीती वाटत होती. ओमीला त्या शेवटच्या सकाळी मी तसंच झोपलेलं पाहिलं होतं. तेव्हा मी मनाशी कबूल करून टाकलं की आई जाणार. तिला जायचंच आहे, आणि आपण तिला उगाच गावोगाव मिरवतोय. माणूस इतका हरू शकतो, हे मला त्या वयात कळायला नको होतं.

शेवटी उरली अकोले तालुक्यातली मावशी. तिचं घर राजूरच्या पुढे, भंडारदऱ्याच्या बाजूला. अकोलं सोडलं आणि चढ लागला, तशी गाडीच्या तापमानाचा काटा वर सरकू लागला. मी एसी बंद केला, काचा उघडल्या, तरी घाटात एका वळणावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. डाव्या हाताला एक वाडी दिसली, तिथल्या पहिल्याच घराच्या अंगणाला लागून मी गाडी कशीबशी उभी केली. अंगणात लग्नाचा मांडव अजून उतरवलेला नव्हता. आंब्याच्या डहाळ्या वाळून गेल्या होत्या. ओट्यावर लहान पोरं ओळीने बसली होती आणि एकही खेळत नव्हतं.

मी पाणी मागायला गेले, तर घरातून एक म्हातारी लगबगीने बाहेर आली. माझ्याकडे तिने बघितलंसुद्धा नाही. ती थेट गाडीकडे गेली, खिडकीतून आईच्या कपाळावरच्या टिकलीकडे बघितलं, मग पप्पांकडे बोट दाखवून विचारलं, "ह्ये मालक का तुमचं?" आईने मान हलवली. "गाव कोन्तं?" आई म्हणाली, "भिंगार." म्हातारीने हात जोडून वर आभाळाकडे बघितलं. "मंग उतरा, बाई. पाय धुवा."

आम्हाला काही कळेना. मग तिच्या मुलाने, म्हणजे नवऱ्यामुलाच्या बापाने, सगळं उलगडून सांगितलं. त्या घरी लग्न झालं की नवी सून चुलीपाशी जायच्या आधी देवीच्या नावाने सवाष्ण जेवू घालायची, आणि पुढे दर वर्षी त्याच महिन्यात पुन्हा. ती शिवेबाहेरची हवी, म्हणजे वाडीतली नको आणि भावकीतलीही नको. तिने घास घेतल्याशिवाय घरात कुणी जेवायचं नाही. ठरवलेली बाई संगमनेरहून यायची होती. सकाळी तिचा फोन आला की तिला अडचण आली, सोवळ्यात बसता येणार नाही. तेव्हापासून सगळे वाट बघत बसले होते, कशाची ते त्यांनाही माहीत नव्हतं.

आई गाडीतून उतरली, पण अंगणातच थांबली. अगदी हळू आवाजात म्हणाली, "आजी, मी चालणार नाही. माझा मुलगा गेलाय. वर्ष झालेलं नाही अजून."

"सुतक फिटलं ना?"

"ते फिटलं. पण वर्षभर आमच्याकडे देवाचं काही करत नाहीत."

"ते तुमच्या घरचं. माझ्या घरचं कार्य हाय ह्ये."

"नव्या नवरीसमोर माझ्यासारखीला नका बसवू हो. अशुभ आहे मी."

मला वाटलं, आता म्हातारी विरघळेल, आईला जवळ घेईल, समजावेल. आजवर सगळ्यांनी तेच केलं होतं. हिच्याकडे तेवढा वेळ नव्हता. ती वैतागलीच. "बाई, माझी नातवंडं सकाळधरनं कोऱ्या च्यावर हायेत. सूनबाई उपाशी, आचारी उपाशी. तुमी घास घेतल्याबिगर हितं कोन बी ताटाला हात लावनार न्हाई. शुभ-अशुभ त्या देवीला कळतं, आपुन कशाला त्यात पडायचं? चला, ऊन लागतंय."

आईने ओट्याकडे बघितलं. त्या पोरांच्या ओळीत एक गाल फुगवून बसलेला मुलगा होता, तो आईकडे रागाने बघत होता. आई बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने चपला काढल्या.

नवरीने तिचे पाय धुतले. पोरगी माझ्याच वयाची असेल, हळदीने अजून पिवळी होती. पाटावर बसवून तिने आईला हळदीकुंकू लावलं आणि ओटी भरायला तांदूळ आणले. मी दारात उभी होते, मला वाटलं आता आई पदर आवळून उठणार. आईने पदर पसरला. तांदूळ, खण, नारळ, सगळं त्यात पडताना तिचे डोळे मिटलेले होते. मग ताट आलं: पुरणपोळी, कटाची आमटी, भात, कुरडई. घरातले सगळे समोर उभे होते. पप्पा माझ्या मागे होते, त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

आईने पोळीचा तुकडा मोडला, आमटीत बुडवला आणि तोंडात घातला. चावत राहिली. तिच्या गळ्याकडे आम्ही दोघं टक लावून बघत होतो. घास उतरला. आणि ती रडायला लागली. नऊवारीतल्या त्या सगळ्या अनोळखी बायकांसमोर, नाक पुसत, हुंदके देत रडली, पण हात थांबला नाही. रडत रडत ती जेवत होती. म्हातारी तेवढंच म्हणाली, "सावकाश." आतून कुणीतरी पोरांची ताटं वाढायला घेतली, भांडी वाजायला लागली. पोळी संपल्यावर आईने मान वर करून नवरीला म्हटलं, "थोडा भात दे बाळा." कित्येक महिन्यांत तिने तोंडाने काही मागितलं नव्हतं. मी दाराची चौकट धरून खाली बसले. माझ्या तोंडून देवीचं नाव निघून गेलं, आणि आपण तिच्याशी अबोला धरला होता हे मला नंतर आठवलं.

पुढचा प्रसंग त्याहून अवघड होता. जेवण झाल्यावर नवरी पाया पडली आणि तशीच वाकून राहिली. सवाष्णीने आशीर्वाद द्यायचा असतो. सगळे वाट बघत होते. नेहमीचा आशीर्वाद सगळ्यांना पाठ असतो, त्यात मुलगा होवो असंही येतं, आणि तिथे आई अडली. मग तिने नवरीच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवले आणि म्हणाली, "तुझी लेकरं जगू दे गं." म्हातारीने पदर तोंडाला लावला. त्या घरात तेवढं एकदाच कुणी आईच्या दुःखाला हात लावल्यासारखं झालं.

तोवर गाडी थंड झाली होती. वाडीतल्या एका माणसाने सैल झालेली पाण्याची नळी आवळून दिली होती. निघताना म्हातारीने आईच्या पायांवर डोकं ठेवलं आणि म्हणाली, "आता दर वैशाखात तुमीच. येकदा बसलेली सवाष्ण आमी बदलत न्हाई. जिती हाय तवर तीच." आई गोंधळून पप्पांकडे बघायला लागली. पप्पा म्हणाले, "म्हणजे मलाही जिवंत राहणं आलं. नाहीतर हिचं सवाष्णपण रद्द." ओमी गेल्यापासून ते गमतीने काही बोलल्याचं मी पहिल्यांदा ऐकलं. कुणी हसलं नाही, पण आईने त्यांच्या हातातली पिशवी घेतली.

यात चमत्कार काय होता, हे मी कुणाला पटवत बसत नाही. नळी सैल झाली होती, हे खरं. संगमनेरच्या बाईला त्याच दिवशी अडचण आली, हेही खरं. आईचं दुःख त्या दिवशी संपलं असंही नाही. दुसऱ्या दिवशी मावशीकडे तिने अर्धं ताट बाजूला सारलं, पण अर्धं खाल्लं. अजूनही काही दिवस असे येतात की ती उठत नाही, आणि मग पप्पा आणि मी स्वयंपाक करतो. ओमीचं कपाट आम्ही अजून उघडलेलं नाही. मला एवढंच कळतं की आम्ही सगळे तिला तिच्याच जिवासाठी जेव म्हणत होतो, आणि तिला तर तो जीव नकोच होता. देवीने तो युक्तिवाद केलाच नाही. तिने काही दिलं नाही, उलट मागितलं. आमच्या हातात काही उरलं नसताना, तापलेल्या गाडीतून आम्हाला त्या दारात नेऊन उभं केलं. मी त्या उपकारांपुढे मान वाकवते. ओमीसाठी तिला मारलेल्या हाकांचा जाब माझ्या मनात अजून आहे, तोही तिच्याच पायाशी ठेवलाय. तिला हवं तेव्हा तिने उत्तर द्यावं.

यंदा वैशाखात सकाळीच म्हातारीचा फोन आला. आम्ही अजून आवरत होतो. आईने फोन कानाला लावला आणि म्हणाली, "निघतोय हो. घाट चढायला वेळ लागतो. तोवर लहान पोरांना तरी जेवू घाला."

पलीकडून म्हातारीचा आवाज मला दारापर्यंत ऐकू आला. "न्हाई घालनार. तुमीच लवकर या."

आईने फोन ठेवला आणि मला म्हणाली, "चल गं, पटकन गाडी काढ. पोरं उपाशी आहेत."