खोडरबरानं केलेल्या बदल्या

माझी मुलगी कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिते. परवा जेवताना ती जावयांना सांगत होती: डावीकडे नाव, उजवीकडे त्याची माहिती, अशी यादी असली आणि सगळ्यांच्या माहितीला एकच नियम लावून ती बदलायची असली, तर जुन्या यादीत हात घालायचा नाही. एकेक नाव घ्यायचं, नियम एकदाच लावायचा, उत्तर नव्या यादीत लिहायचं. जुनी शाबूत राहते. हे शहाणपण मला सत्तरच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात फार महागात पडलं होतं.

तेव्हा मी पूर्णा नदीपलीकडच्या एका खेड्यात एकशिक्षकी शाळेवर होते. नवरा जालन्याला नोकरीला, दोन वर्षांची मुलगी जाफराबादला सासूबाईंपाशी. शाळेत मी एकटी, पोरीला कुणाच्या भरवशावर ठेवणार? शनिवारी दुपारी एसटीनं जायचं, रविवारी संध्याकाळी परत. निघताना ती पदर सोडायची नाही, रडून लालबुंद व्हायची. गाव वाईट नव्हतं, माणसं तर फारच चांगली. पण मला तिथं कोंडून घातल्यासारखं व्हायचं. खिडकीतून दिसणाऱ्या सडकेचासुद्धा राग यायचा.

मे महिन्यात शिक्षण खात्याच्या साहेबांनी तालुक्याच्या ऑफिसात बोलावलं. का, तर माझं अक्षर चांगलं. चाळीसेक शिक्षकांची यादी पेन्सिलीनं लिहिलेली होती. नावापुढे ज्याचा त्याचा गट, म्हणजे शाळा कुठल्या भागात ते. बदल्यांचा हुकूम सरळ होता. पूर्णेपलीकडचे जाफराबादकडे, जाफराबादकडचे सडकेवरच्या गावांत, सडकेवरचे डोंगराकडे, डोंगराकडचे पूर्णेपलीकडे. कुणाचीही रदबदली चालणार नाही. यादी संध्याकाळच्या गाडीनं औरंगाबादला जायची होती.

म्हणजे मी जाफराबादला! पोरीजवळ! खरं तर कोरा कागद घेऊन वरपासून एकेक नाव उतरवायला हवं होतं. पण मला कुठला दम? आधी आपला गट मार्गी लावावा म्हणून यादीतले सगळे पूर्णेपलीकडचे शोधले, त्यांचे गट खोडले आणि तिथं जाफराबाद लिहिलं. स्वतःच्या नावापुढे जरा जास्तच वळणदार. मग जाफराबादवाले शोधून सडकेवर धाडले, सडकेवरचे डोंगराकडे, डोंगराकडचे पूर्णेपलीकडे. आत्ताच जाफराबादला आणलेले लोक मी पुन्हा उचलून पुढे ढकलत होते, हे लक्षातच आलं नाही. माझ्या नावाशी आले की नजर तेवढी आपोआप पुढे सरकायची. माझं काम झालेलं होतं ना!

शेवटी यादी वाचली. सगळा तालुका पूर्णेपलीकडे गेला होता. जाफराबादला एकटी मी.

साहेबांनी कागद हातात घेतला. "बाई, ह्ये काय करून राह्यल्या तुम्ही? समद्यांला नदीपल्याड धाडलं, आन् तुमचंच नाव तेवढं बराबर?"

"चूक झाली, साहेब. मुद्दाम न्हाई केलं."

खरं होतं, पण मलाच ते पटेना. साहेबांनी कागद खिडकीशी नेऊन उजेडात धरून पाहिला. खोडण्याचं कामही मी नीटनेटकं केलेलं, जुन्या गटाची पुसट रेघसुद्धा दिसेना. दुसरी प्रत औरंगाबादला. ती येईपर्यंत मुदत टळणार.

त्यांनी यादीची घडी घालून ती खणात टाकली. मग म्हणाले, "औंदा बदल्या बिलकुल बंद. जो जिथं हाय, तिथंच राहील. मंग पुढच्या साली बघू."

जाफराबादवाल्यांनी पेढे वाटले असतील. डोंगराकडचे एक म्हातारे मास्तर खाली यायची वाट बघत होते. ते बाजारात दिसले की मी रस्ता बदलायचे. जूनमध्ये त्याच शाळेचं कुलूप उघडलं. शिव्या द्यायला माझ्याशिवाय दुसरं कुणी नव्हतं.

त्यानंतरही दर रविवारी निघतच होते. दिवाळीनंतर एकदा मी एसटीत चढले. मुलगी सासूबाईंच्या कडेवर होती. ती रडली नाही. हात हलवला आणि त्यांच्या खांद्यावर मान टाकली. मी खाली उतरले, तिला ओढून छातीशी धरलं, रडावं म्हणून मुद्दाम "मी चालले हं" म्हणाले. तरी ती रडली नाही.