वालेरने बंद केलेली वाट

वालेर कोलिन्यों माझा शेजारी. आमच्या दोघांच्या परसांमध्ये झुडपांचं एक कुंपण आहे, आणि तो ते दरवर्षी छातीइतकं खाली छाटतो. मग मला पलीकडचं सगळं दिसतं, यात माझा काय दोष?

चाळीस वर्षं त्याने लोकांच्या छपरांवर स्लेटची कौलं बसवली. आमच्या फोंतवाल गावात असं घर नाही ज्याच्या माथ्यावर वालेर बसलेला नाही. कुणाच्या परसात कुणाची विजार वाळतेय हे त्याला माझ्याआधी दिसायचं, पण माणूस असा चिकट की एक अक्षर सांगायचा नाही. मी म्हणायची, "अरे, एवढ्या उंचावर बसून नुसती कौलंच ठोकलीस? जन्म फुकट घालवलास."

"मी जंगल बघायचो," तो म्हणायचा.

लग्न त्याने केलं नाही. मी त्याचं कारण विचारलं तेव्हा म्हणाला, वरून बायका फार लहान दिसतात. मी त्या दिवशी त्याला कॉफी दिली नाही.

जंगल मात्र तो खरंच बघायचा. जुलैच्या पहिल्या रविवारी आमच्या सायकल मंडळाची उन्हाळी फेरी असते. जाड टायरच्या सायकलींवर, डोंगरातल्या कच्च्या वाटांनी, पाचेकशे माणसं. पोरांसाठी हिरवा मार्ग पंधरा किलोमीटरचा, निळा पंचवीसचा आणि लाल चाळीसचा. लाल मार्ग एकोणीस वर्षं वालेर निवडत आला. जानेवारीत त्याच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरायचा तो मे महिन्यापर्यंत निघायचा नाही. माणूस पाच महिने नकाशाच्या कडेवर ताटली ठेवून जेवायचा.

त्याचे नियम मला पाठ आहेत. जीव काढणारा प्रत्येक चढ संपला की लगेच तोंडावर हसू आणणारा उतार पाहिजे. अकरा ते एक डोक्यावर बीचच्या झाडांची सावली पाहिजे. लाल मार्ग हिरव्याला आडवा जाता कामा नये, नाहीतर दांडगे लोक पोरांच्या अंगावर येतात. ओढा ओलांडायचा तर घोट्याइतकाच. बूट आतून भिजले की माणूस पुढचे दहा किलोमीटर मार्ग आखणाऱ्याच्या आईची आठवण काढतो. आणि शेवट? शेवट ठरलेला असायचा. पठारावरून थेट नदीपर्यंत उतरणारी 'पाटीची वाट'.

ती वाट वालेरची स्वतःची. कडाक्याच्या थंडीत स्लेट तडकते, म्हणून छपरांची कामं बंद असतात. असे सहा हिवाळे तो कुदळ घेऊन जंगलात गेला आणि दीड किलोमीटरची वाट एकट्याने कोरली. फुटक्या स्लेटच्या पाट्या त्याने वळणावळणावर उभ्या पुरल्या, म्हणजे पावसाचं पाणी बाजूला वळतं आणि वाट धुपत नाही. लिएजहून, नामूरहून लोक गाड्यांवर सायकली लादून येतात ते त्या दीड किलोमीटरसाठी. मी स्वतः एकदाच उतरले. अर्ध्यात किंचाळणं सोडून दिलं, घसा गेला म्हणून.

त्या वर्षी वालेर सदुसष्टचा होता. उतरत्या छपरांवर एकाच कुशीवर बसून बसून त्याचा डावा खुबा झिजला होता. सर्जनने सोळा जुलैची तारीख दिली आणि सांगितलं, नवा खुबा बसला की सपाट रस्त्यावर सायकल चालवा, हवी तेवढी. दगडांवरून उड्या मारत उतरणं मात्र कायमचं बंद. म्हणजे पाच जुलैची फेरी ही वालेरची शेवटची. त्याला एवढंच हवं होतं की लाल मार्गाच्या सगळ्यात शेवटी, पुढे तीनशे माणसांचा आरडाओरडा ऐकत, आपण आपल्या वाटेने एकदा खाली यावं.

"पडलास तर?" मी विचारलं.

"तर सोळाची वाट बघावी लागणार नाही," तो म्हणाला. इतका खुशीत होता.

मेमध्ये चर्चच्या मनोऱ्यावरच्या चार स्लेट सुटल्या. तिथे चढायला दुसरं कोण तयार होणार? वालेर गेला, खुबा धरून. संध्याकाळी कुंपणापाशी आला तेव्हा त्याचा चेहरा नवे कपडे घालून पहिल्यांदा चर्चला निघालेल्या पोरासारखा उजळला होता, पण विचारलं तर म्हणे काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याने वनरक्षक ग्रेग्वारला फोन केला. तीन दिवसांनी ग्रेग्वारची जीप वालेरच्या फाटकाशी उभी. आत टेबलावर नकाशा, ग्रेग्वारच्या हातात कंपास. मी नेमकी तेव्हाच गुलाबाच्या आळ्यातलं गवत काढत होते. जीप गेली तरी वालेर खुर्चीतून उठला नाही.

मी साखरेचा टार्ट घेऊन गेले.

"काय झालं?"

"काही नाही."

"मग मी मंडळातल्या बोदुआंला विचारते. त्याला नसेल माहीत तर त्याच्या बायकोला. मग बेकरीत."

वालेरने माझ्याकडे बघितलं. "बस," म्हणाला. "तुला सांगितलं नाही तर तू अख्ख्या गावाला विचारत सुटशील. त्यापेक्षा तुला सांगितलेलं परवडलं. पण लिलियान, हे तुझ्या तोंडून बाहेर पडलं तर मी कुंपण तीन मीटर वाढवीन."

मग त्याने सांगितलं. आता ज्यामुळे हे सगळं झालं ते झाडही उभं नाही आणि ग्रेग्वारचीही बदली झालीय, म्हणून इथे लिहायला हरकत नाही. मनोऱ्यावरून त्याला काळा करकोचा दिसला होता. एकाच ठिकाणी तीनदा उतरला, चोचीत काड्या. आमच्या जंगलात साठ वर्षांत कुणी त्याचं घरटं बघितलं नव्हतं. वालेर इतका हरखला की त्याने ग्रेग्वारला झाडसुद्धा दाखवलं. ग्रेग्वारने वरिष्ठांना कळवलं. वरिष्ठांनी कागद काढला. घरट्याभोवती तीनशे मीटरचं वर्तुळ, एकतीस जुलैपर्यंत माणसाने आत पाय ठेवायचा नाही. वर्तुळ नकाशावर काढलं तेव्हा पाटीची वाट बरोबर त्याच्या पोटातून जात होती.

"आणि कुणाला सांगायचंही नाही," वालेर म्हणाला. "कळलं की फोटोवाले येतात, अंडी चोरणारे येतात. वाट बंद करायची, पण का ते बोलायचं नाही."

मी टार्टचा तुकडा त्याच्या ताटलीत ठेवला. "अरे, आयुष्यभर तोंड उघडलं नाहीस. उघडलंस तेव्हा हे?"

"सुंदर होता गं," तो म्हणाला. "पोट पांढरं, पाय लाल."

त्यानंतरचे तीन आठवडे त्याने दुसरा उतार शोधण्यात घालवले. खुबा धरून, पायी. नदीकडे जायला डावीकडचं जंगल शिकारीच्या गटाने भाड्याने घेतलेलं. त्यांचा म्होरक्या म्हणाला, सायकली गेल्या की रानडुकरं महिनाभर फिरकत नाहीत. उजवीकडच्या कुरणात अँटवर्पहून आलेल्या स्काउट पोरांची छावणी पडणार होती. त्यांच्या मास्तरांनी वाटेवरच शौचालयाचे खड्डे आखून ठेवलेले, आणि माणूस इतका नम्र की त्याच्याशी भांडताही येईना. तिसरीकडे स्प्रूसच्या झाडांना कीड लागून सगळं तोडलेलं. ओंडके ओढणाऱ्या यंत्रांनी गुडघाभर चर पाडलेले. फेरी पुढे ढकलावी तर जिल्ह्याच्या यादीत ऑगस्टचा एकेक रविवार एकेका गावाचा. उरला डांबरी रस्ता. अडीच किलोमीटर, सरळ, कडेला डेअरीचे टँकर. वालेरने तो लाल पेन्सिलीने रंगवला आणि नकाशाची घडी घातली.

मंडळाची बैठक जूनच्या मध्यावर झाली. बोदुआं आमचा अध्यक्ष. माणूस वाईट नाही, फक्त आवाज मोठा.

"डांबरावरून?" तो ओरडला. "वालेर, लोक लिएजहून डांबर बघायला येणार?"

"यंदा तसंच करावं लागेल."

"अरे, पण का? वाट पडली? झाड आडवं झालंय? सांग, मी करवत घेऊन येतो उद्याच!"

"करवत नको."

"मग?"

कुणीतरी मागून म्हणालं, "वनखात्याने अडवलं काय?" तेव्हा वालेर घाईने म्हणाला, "नाही नाही." खाली बसताना त्याने खुबा दाबला, आणि बोदुआंला उत्तर सापडलं.

"अच्छा!" तो म्हणाला. आवाज पहिल्यांदाच खाली आला होता, ते जास्त वाईट. "तुला उतरायचा धीर होत नाही. म्हणून कुणीच उतरायचं नाही. असंच ना?"

मी तोंड उघडलं. वालेरने माझ्याकडे बघितलं. मी जांभई दिल्यासारखं केलं. पन्नास वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बातमी होती आणि ती मला गिळावी लागली. पुढे दोन दिवस मला जेवण गेलं नाही.

"तसं समज," वालेर म्हणाला.

चोवीस जूनला वादळ आलं. अर्ध्या तासात गावातल्या किती स्लेट उडाल्या याची गणती नाही. सकाळी ग्रेग्वारची जीप पुन्हा फाटकाशी. या वेळी मी सरळ कुंपणापाशी जाऊन उभी राहिले, गवतबिवत काही नाही.

"फांदीच मोडली, मस्यू वालेर," ग्रेग्वार म्हणत होता. त्या पोराच्या डोळ्यांत पाणी होतं. "तिन्ही पिल्लं गेली."

मग मीच विचारलं, कुणीतरी विचारायला हवं होतं म्हणून. "मग आता वाट मोकळी?"

ग्रेग्वारने टोपी काढली. "नाही हो, मादाम. कागद एकतीस जुलैचा आहे. मोठी पक्षीण अजून घिरट्या घालतेय, कदाचित तिथेच पुन्हा घरटं करून बसेल. आणि नसेल बसत तरी कागद रद्द करणारे साहेब सुट्टीवर गेलेत. ऑगस्टमध्ये येतील."

"ऑगस्टमध्ये," वालेर म्हणाला.

"मी काय करू सांगा?" ग्रेग्वार म्हणाला, आणि खरंच, तो काय करणार होता?

पाच जुलैला ऊन चांगलं पडलं. फाट्यावर, जिथून पाटीची वाट आत शिरते, तिथे माझी खाण्याची टपरी होती. वॉफल, संत्र्याच्या फोडी, सॉसेजचे काप. वाटेच्या तोंडावर लालपांढरी पट्टी बांधलेली आणि पट्टीपुढे वालेर, हातात झेंडी. मागे त्याची सायकल झाडाला टेकवलेली. सकाळी नऊपासून तो प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होता, "उजवीकडे, रस्त्याने."

"रस्त्याने? चेष्टा करताय?"

"उजवीकडे, रस्त्याने."

"दोन तास गाडी चालवून आलो, आजोबा!"

"कुणी म्हातारं झालं म्हणून आम्ही का ब्रेक लावायचे?"

एकाने तर पट्टी उचलून आत शिरायला पाय टाकला. वालेरने त्याचं हँडल धरलं. जवान माणूस, त्याने झटका दिला तसा वालेर खुब्यावर कलला, पण हँडल सोडलं नाही. "कारण तरी सांगा!" तो ओरडला. "उजवीकडे, रस्त्याने," वालेर म्हणाला. मी इकडे दोन वॉफल एकदम तोंडात कोंबले, कारण एकाने भागलं नसतं.

तीनशे बारा माणसं गेली. दीडच्या सुमाराला शेवटचा गेला आणि जंगल शांत झालं. मी टेबलं घडी करत होते. वालेर पट्टीशी उभा राहून खाली बघत होता. पहिल्या वळणावरच्या पाट्या तिथून दिसतात, एका रांगेत, कडेला शेवाळ.

मी गेले त्याच्याजवळ. "जा," म्हटलं. "मी टपरी आवरतेय, मला काही दिसत नाही."

तो हलला नाही.

"घरटं पडलंय, वालेर. पिल्लं नाहीत. ग्रेग्वारही बघणार नाही, मुद्दाम बघणार नाही तो. अकरा दिवसांनी तुझा खुबा कापणार आहेत. चार मिनिटांची तर वाट आहे. अरे, जा की!"

"वर बघ," तो म्हणाला.

वर, पठाराच्या कडेवरून ती पक्षीण गोल फिरत होती. एकटीच. इतकी वर की पायांचा लाल रंगही कळेना.

"ती बसणार नाही," मी म्हटलं.

"माहितेय."

त्याने झेंडी गुंडाळली, सायकल घेतली, उजव्या पायावर जोर देऊन कसाबसा चढला आणि डांबरी रस्त्याने निघाला. मी गाडी हळू मागे ठेवली. सबंध उतार त्याने ब्रेक दाबून धरले होते. एक टँकर भोंगा वाजवत त्याला ओलांडून गेला.

गावात मैदानावर बोदुआंने भाषण सुरू केलं होतं. पुढच्या वर्षीपासून लाल मार्ग त्याचा जावई आखणार, फोनमधल्या नकाशावर, पाच मिनिटांत. मग वालेरला वर बोलावून बिअरची मोठी बाटली दिली, एकोणीस वर्षांबद्दल. टाळ्या झाल्या. बऱ्याच जणांनी वाजवल्या नाहीत. मी वाजवल्या, आणि माझ्या शेजारची बाई म्हणाली, "तुमचा शेजारी ना? काय हो, एवढा भित्रा कसा झाला?"

मला सगळं माहीत होतं. तारखा, मीटर, पिल्लं तीन. मी म्हटलं, "वय झालं."

सायकली धुवायच्या नळीपाशी रांग होती. बाटली बगलेत धरून वालेरही त्या रांगेत उभा राहिला, का ते त्यालाच ठाऊक. त्याचा नंबर आला तेव्हा नळीवरच्या माणसाने सायकल वरपासून खालपर्यंत बघितली. चाकांवर ठिपकासुद्धा नव्हता.

"मस्यू, यावर धुवायचं काय?"

"तू पाणी मार," वालेर म्हणाला.

त्याने मारलं. वालेरने एका हाताने चाक फिरवलं, आणि ते थांबेपर्यंत तिथेच उभा राहिला.