आत्याचं ओव्हर

जगात कुणाशी न जुळणारी वस्तू असू शकते, हे माझ्या आत्याला आजवर कुणीही पटवून देऊ शकलेलं नाही. जव्हारच्या शाळेतून विज्ञान शिकवून ती निवृत्त झाली आणि परीक्षा देऊन हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा, परवाना घेऊन बसली. तेव्हापासून आमच्या छपरावर उंच एरियल आहे, त्याच्या तारेवर टॉवेल वाळत घालण्याची प्राज्ञा कुणाची नाही, आणि घरातही बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायची शिस्त आहे. ते ऐकल्याशिवाय आत्या उत्तरच देत नाही. ‘‘आत्या, चहा टाकू?’’ विचारून मी कित्येकदा दारात ताटकळलो आहे. रेडिओवरच्या माणसांना ती गावाच्या नावानं ओळखते. ‘‘मोखाड्याला ताप भरलाय,’’ असं ती एकदा म्हणाली, तर शेजारच्या टेलरचाचांनी काळजीनं विचारलं, ‘‘पूरे तालुक्याला?’’

मोखाडा म्हणजे वनखात्यातून निवृत्त झालेले तिचे रेडिओमित्र. रोज संध्याकाळी ‘‘जव्हार, माझा आवाज येतो का? ओव्हर,’’ असं ते विचारत, आणि मग आसपासचे सगळे हौशी एकेक करून हजेरी लावत. पुढे त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज कायमचा गेला. तरी ते संध्याकाळी नुसतं बटण दाबत. त्यांनी ते दाबलं की आमच्या सेटमधली खरखर थांबे आणि आत्या म्हणे, ‘‘मोखाडा आला.’’ टिंब-रेघांनी बोलायची मोर्सची कट्कट दोघांनाही कधी जमली नव्हती. तेवढा एकच पराभव आत्याच्या नावावर आहे.

एक दिवस त्यांच्या सुनेचा फोन आला. ‘‘बाई, बाबा एरियल उतरवाया निंगालेत. म्हनतात, मुक्यानं काय बसायचा तिथं.’’ मी म्हटलं, व्हॉट्सअ‍ॅप आहे की. आत्यानं माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघितलं. ‘‘फोनवर तो माझ्याशी बोलेल. रेडिओवर तो सगळ्यांत बसतो. ओव्हर.’’

टाइप केलेली अक्षरं रेडिओवरून पाठवणारा एक प्रोग्रॅम आहे. हौशी मंडळींनीच लिहून तो जगाला फुकट दिलाय. पण तयार मिळणारा प्रोग्रॅम मोखाड्याच्या जुन्या लॅपटॉपवर चालेना. आत्यानं मूळ कोड उतरवून घेतला, आपल्या नव्या कॉम्प्युटरवर त्यातून चालणारा प्रोग्रॅम बांधला आणि लाडवाचा डबा न्यावा तसा जीपनं मोखाड्याला नेला. तिथे तोही चालेना, कारण त्या म्हाताऱ्या मशीनचा पिंडच वेगळा. शेवटी आत्या तो लॅपटॉपच शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन घरी आली.

मग सुरू झालं ते लग्नघरातलं मानपान. प्रोग्रॅम बांधायला अमुक एक लायब्ररी, म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला तयार कोड, हवी. ती आणली की ती म्हणे, माझी थोरली बहीण आल्याशिवाय मी पाऊल ठेवणार नाही. थोरली आली तर ती फारच नवीन निघाली, तिला परत पाठवून तिचीच जुनी आवृत्ती शोधावी लागली. आमचं इंटरनेट रडतखडत चालायचं, म्हणून आत्या चाचांच्या दुकानात शिलाई मशीनशेजारी बसून एकेकीला उतरवून घेई. ‘‘बाई, खाना तो खाऊन घ्या,’’ चाचा म्हणत. ‘‘रुसलेली आहे एक, तिला आणते आणि येते,’’ असं आत्या सांगे. स्क्रीनवर लाल अक्षरांची रांग लागली की मला घाम फुटे, आणि आत्या मात्र शांतपणे पहिली चूक वाचून म्हणे, ‘‘बाकीच्या सगळ्या हिच्या मागे उभ्या आहेत.’’ अखेर बांधणी सुरू झाली आणि वीज गेली. आत्यानं रेडिओची बॅटरी इन्व्हर्टरला जोडून लॅपटॉप जगवला आणि दिवसभर घरात पंखासुद्धा लावू दिला नाही. बाईच्या जिद्दीपुढे मी तेव्हा मनातल्या मनात हात जोडले.

लॅपटॉप मोखाड्याला परत गेला. त्या संध्याकाळी आम्ही दोघं सेटसमोर बसलो. खरखर थांबली, किणकिण सुरू झाली आणि स्क्रीनवर एकेक अक्षर उमटू लागलं: ‘जव्हार, माझा आवाज येतो का? ओव्हर.’

आत्यानं माइक उचलून बटण दाबलं. ‘‘स्पष्ट येतो,’’ ती म्हणाली आणि तिथंच थांबली. बटण दाबलेलंच, डोळे स्क्रीनवर. तिकडे मोखाडा शिस्तीनं ‘ओव्हर’ची वाट बघत असणार. परवाना नसलेल्या माणसानं माइकशी तोंड न्यायचं नाही, हा आमच्या घरातला सगळ्यात कडक नियम. तरी मी वाकलो आणि हळूच म्हणालो, ‘‘ओव्हर.’’

आत्यानं बटण सोडलं. ती मला रागावली नाही.