श्वासाला जागा करून देणारे डॉक्टर

डॉ. भास्करराव यांच्या षष्ट्यब्दिपूर्तीनिमित्त निघणाऱ्या गौरवग्रंथात मी त्यांच्या विद्वत्तेविषयी लिहावे, अशी संपादकांची सूचना आहे. त्यांच्या विद्वत्तेशी माझा संबंध आला तो छातीपुरता. संस्कृत पाठशाळा सोडून नुकताच वार्ताहर झालो होतो, तेव्हा खोकला घेऊन त्यांच्या चांद्याच्या दवाखान्यात गेलो आणि हृदयी प्राण, कंठी उदान असे पंचप्राणांचे सारे शास्त्र त्यांना ऐकवले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले. मग म्हणाले, "छान. आता खोकून दाखवा." तेथून आमचा स्नेह जडला.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या बातम्यांसाठी मी आलापल्लीला निघालो, तेव्हा डॉक्टरसाहेबांचीही तिकडे फेरी होती. त्यांच्या मोटारीत मला जागा मिळाली. सागवानाच्या डेपोशेजारी राहणाऱ्या लक्ष्मण नावाच्या, करवतीने लाकूड कापणाऱ्या आराकसाच्या घरून त्यांना बोलावणे आले. लक्ष्मण भिंतीला टेकून बसला होता. आडवे होताच त्याचा दम कोंडे. ओठ तडकले होते. डॉक्टरसाहेबांनी पाठीवर बोटे ठोकली. वर पोकळ नाद येई, उजवीकडे खाली मात्र दगडावर ठोकल्यासारखा. फुप्फुस आणि बरगड्या यांच्यामधल्या फटीत पाणी साठले होते.

छातीत पाणी झाल्याचे आधीच कुणी सांगून गेले होते. म्हणून लक्ष्मणच्या बायकोने, सोनाबाईने, त्याचे पाणीच तोडले होते. "छातीत पाणी भरलं म्हंते, मंग अजून कायले पाजू त्याले?" ते पाणी काढायच्या सुईचे नाव निघताच ती नवऱ्याच्या आड उभी राहिली. "भोक पाडसान त जीव निंगून जाईन त्यातून."

मी न्यायशास्त्र शिकलेलो; मला तिच्या तर्कात दोष सापडेना. भरलेल्या भांड्यात आणखी ओतू नये, आणि भोक पडले की आतले बाहेर जाते. चूक होती ती शरीराच्या आतल्या रस्त्यांबद्दल. दारातली मंडळी तिला बाजूला ओढायला निघाली. डॉक्टरसाहेबांनी त्यांना हातानेच थोपवले. समजल्याशिवाय टोचायचे नाही, हा त्यांचा नेम आजही टिकून आहे. त्यापायी दवाखान्याची रांग रस्त्यावर येते, ही आम्हा शेजाऱ्यांची जुनी तक्रार.

त्यांनी बाजारातून बकऱ्याची फुप्फुसे आणवली, दोन्ही नळ्यांसकट. मागच्या, अन्नाच्या नळीत लोटाभर पाणी ओतले. ते सरळ खालून निघून गेले, फुप्फुसे कोरडीच. "पिलेलं पाणी या रस्त्यानं जाते, बाई. छातीत नाई जात." मग पुढच्या, श्वासाच्या नळीत सोनाबाईच्या चुलीची फुंकणी खोवली आणि माझ्याकडे वळले. "पंडितजी, तुमचा प्राण आज कामी येऊ द्या."

मी फुंकले. ते वर्णन टाळतो, कारण आमच्या घरी हा ग्रंथ वाचला जाईल. फुप्फुसे पिशवीत ठेवून त्यांनी शेजारी आपली मूठ घातली. मी कितीही फुंकले तरी फुप्फुसे अर्धवटच फुगत. मूठ काढली, तशी पिशवी भरून गेली.

"ही मूठ म्हणजे ते पाणी. माझी सुई मुठीपर्यंतच जाईन."

सोनाबाईने पिशवीकडे पाहिले, नवऱ्याकडे पाहिले आणि बाजूला झाली.

बरगडीच्या खालच्या कडेला मज्जातंतू आणि रक्तवाहिन्या लपलेल्या असतात. म्हणून त्यांनी खालच्या बरगडीच्या वरच्या काठाला चाटून सुई नेली. गवताच्या रंगाचे पाणी मडक्यात येऊ लागले. लक्ष्मण खोकला की डॉक्टरसाहेब थांबत. हळूहळू त्याचे खांदे खाली आले. मग त्याने पाणी मागितले, आणि सोनाबाईने डॉक्टरसाहेबांकडे न पाहताच लोटा त्याच्या तोंडाला लावला. पुढे चांद्याला आणून त्याच्यावर महिनोन् महिने इंजेक्शनांचा उपचार झाला. त्याच्या मुक्कामाची सोय डॉक्टरसाहेबांच्या ओसरीवर होती. हे मला त्यांच्याकडून कधीच कळले नाही.

लक्ष्मण आता करवतींना धार लावतो. परवा त्याच्या घरी गेलो, तर सोनाबाईने बसण्याआधी पाणी पुढे केले. डॉक्टरसाहेबांना साठ वर्षे पुरी झाल्याचे तिला सांगितले. मी त्यांच्या दीर्घायुष्यासाठी एक श्लोक रचून नेला होता, तोही म्हणून दाखवला. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, "चांगलं हाय. पर डाक्टरभाऊले माह्याकडून येवढंच सांगजा, लय वर्सं जगा, अन् छातीत सासाले जागा राहू द्या."

श्लोक मी खिशातच ठेवला आहे.